छोट्या धंद्याने वेग नव्हे, दुरुस्ती विकत घ्यावी

जबलपूरच्या बाजारात नवे दुकान, नवे ऑफिस किंवा छोटा कारखाना सुरू करणाऱ्याला इंटरनेटबद्दल सगळीकडून एकच सल्ला मिळतो. घरगुती फायबर घ्या. जितके जास्त एमबीपीएस तितके चांगले. वर्षाचे पैसे एकदम भरा म्हणजे एखादा महिना फुकट पदरात पडेल. लाइन गेलीच तर मोबाइलचा हॉटस्पॉट आहे. धंद्याचा प्लॅन म्हणजे त्याच तारेचे जादा पैसे. विक्री प्रतिनिधी हे सांगतो, शेजारचा दुकानदार सांगतो, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा सांगतो आणि पुष्कळदा हिशेब लिहिणाराही तेच सांगतो. बहुतेकांचा हेतू चांगलाच असतो. तरीही हा सल्ला चुकीचा आहे, आणि ज्यांना ही चूक सगळ्यांत कमी परवडते त्यांनाच तिची किंमत मोजावी लागते. म्हणून या सल्ल्यातला एकेक मुद्दा तपासून पाहू.

आधी त्यातले खरे ते मान्य करतो. वेग आता खरोखर स्वस्त झाला आहे. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटले होते. २०१३ मध्ये ती मर्यादा ५१२ केबीपीएस झाली आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस. आज साध्या घरगुती प्लॅनचा वेगही या व्याख्येच्या कितीतरी पट असतो. आता एका मध्यम दुकानाची गरज मोजा. बिलिंग आणि टॅलीला फारसा डेटा लागत नाही. यूपीआयच्या साउंडबॉक्समध्ये बहुधा स्वतःचे सिम असते. चार कॅमेरे बाहेरून पाहायचे असतील तर प्रत्येकी २ एमबीपीएसप्रमाणे ८ एमबीपीएस अपलोड धरा. एकाच वेळी दोन व्हिडिओ कॉल चालले तरी आणखी सहा-सात. सगळे मिळून ५० एमबीपीएसची लाइन, अपलोडलाही तेवढाच वेग देणारी असेल तर, पुरून उरते.

पण याच हिशेबाने सल्ल्याचा पायाच निखळतो. सगळ्या कंपन्यांचा वेग तुमच्या गरजेहून जास्त असेल, तर वेगावरून कंपनी निवडण्यात अर्थ उरत नाही. ५० ऐवजी २०० एमबीपीएस घेतल्याने बिल चौपट लवकर निघत नाही. कंपन्यांमध्ये खरा फरक दिसतो तो लाइन तुटल्यावर. कोण येतो, किती तासांत येतो, आणि तो येईपर्यंत तुमचे काम कशावर चालते? छोट्या धंद्याने पैसे मोजायचे ते या तीन प्रश्नांच्या उत्तरासाठी. जाहिरातीतल्या मोठ्या आकड्यात यांपैकी एकाचेही उत्तर नसते.

हे प्रश्न जबलपूरसारख्या शहरात किती महत्त्वाचे आहेत, ते इथले धंदे पाहिले की कळते. गोहलपूरकडे सलवार-सूट शिवणारे कारखानदार आहेत. त्यांचा माल परराज्यांत जातो आणि ५० हजारांवरचा माल राज्याबाहेर न्यायचा तर ई-वे बिल लागते. उलाढाल ५ कोटींच्या वर गेली की ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइसही सक्तीचे आहे. एखादे ई-वे बिल फोनवरून निघेल, पण संध्याकाळी ट्रान्सपोर्टची गाडी उभी असताना वीस पार्ट्यांची बिले फोनवरून निघत नाहीत. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ १९५६ पासून याच शहरात आहे. त्याच्या आसपासच्या वकिलांच्या ऑफिसांत ई-फायलिंग होते आणि व्हिडिओवरून सुनावण्याही होतात. पुकारा झाला त्या क्षणी लाइन नसेल तर ती नंतर आली काय, न आली काय. रिछाई आणि अधारताल औद्योगिक वसाहतींतले छोटे वर्कशॉपवाले सरकारी खरेदीच्या ऑनलाइन निविदा भरतात. निविदा ठरलेल्या मिनिटाला बंद होते आणि उशीर का झाला, हे कोणी विचारत नाही. या तिघांनाही २०० एमबीपीएसची गरज नाही. त्यांना ठरलेल्या वेळी लाइन चालू हवी आहे. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याची किंवा नाशिकच्या द्राक्ष निर्यातदाराची गोष्ट याहून वेगळी नाही.

आता सल्ल्यामागचा पहिला मुद्दा घेऊ: लाइन कधीतरीच जाते, एवढी काळजी कशाला? खुद्द सरकारी आकडा पाहा. २२ मार्च २०२३ रोजी पंतप्रधानांनी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले. खोदकाम करणाऱ्याने आधी जमिनीखालच्या तारांच्या मालकांना कळवावे, हा त्याचा उद्देश. मेळ नसलेल्या खोदकामामुळे देशाचे वर्षाला सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे सरकारनेच त्या वेळी सांगितले. जबलपूरकराला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मदन महालपासून दमोह नाक्यापर्यंतचा सुमारे ७ किलोमीटरचा उड्डाणपूल ऑगस्ट २०२५ मध्ये खुला झाला, पण त्याआधी काही वर्षे त्या पट्ट्यातल्या रस्त्यांवर काम चालू होते. शहर वाढते आहे, रस्ते, गटारे, जलवाहिन्या होत राहणार आणि त्या व्हायलाच हव्यात. म्हणजे तार तुटणे हा अपवाद नाही. वाढत्या शहरात तो नेहमीचा धोका आहे, आणि नेहमीच्या धोक्याची तरतूद आधीच करायची असते.

‘९९ टक्के अपटाइम’ हे शब्दही नीट वाचले पाहिजेत. तीस दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात. त्यांतला १ टक्का म्हणजे ७ तास १२ मिनिटे. तेवढा वेळ लाइन बंद राहिली तरी कंपनीने शब्द पाळला असेच ठरते. ९९.५ टक्के म्हटले तरी ३ तास ३६ मिनिटे होतात. शिवाय कंपनी चोवीस तास मोजते आणि तुमचे दुकान दहा-अकरा तास चालते. रात्री दोन वाजता चालू असलेली लाइन तिच्या टक्केवारीत जमा होते, तुमच्या गल्ल्यात नाही. खोदकाम बहुधा दिवसा चालते, म्हणून तारही दिवसाच तुटते.

दूरसंचार नियामक ट्राय आहे ना, असे कोणी म्हणेल. आहे, आणि त्याच्या नियमांचा उपयोगही आहे. पण ट्रायच्या २००६ च्या ब्रॉडबँड गुणवत्ता नियमांची मोजपट्टी पाहा. २०२४ मध्ये नवी नियमावली येईपर्यंत तेच नियम लागू होते. ९० टक्क्यांहून जास्त बिघाड पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत आणि ९९ टक्के बिघाड तीन कामाच्या दिवसांत दुरुस्त व्हावेत, असे ते सांगत. घरी सिनेमा पाहणाऱ्या कुटुंबासाठी ही मोजपट्टी रास्त आहे. पण शुक्रवारी तुटलेली तार मंगळवारी जोडून देणारी कंपनीही तीत बसू शकते. आणि हे मोजमाप होते पूर्ण दूरसंचार क्षेत्राचे. आपले क्षेत्र मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मिळून आहे. जबलपूरच्या एका गल्लीतला तीन दिवसांचा खंड एवढ्या मोठ्या सरासरीत दिसतही नाही. बिघाड तीन दिवसांहून जास्त आणि सात दिवसांपर्यंत राहिला तर भाड्यात सात दिवसांची सूट मिळे. महिना ६०० रुपयांच्या प्लॅनवर ही सूट होते १४० रुपये. नियामक तुम्हाला भाडे परत मिळवून देऊ शकतो, हुकलेली निविदा मात्र परत आणू शकत नाही.

दुसरा मुद्दा हॉटस्पॉटचा. यात अर्धे तथ्य आहे, म्हणूनच तो फसवतो. मोबाइलचे जाळे तुमच्या गल्लीतल्या तारेवर अवलंबून नसते, त्यामुळे पर्याय म्हणून ते चांगले आहे. पण मालकाच्या खिशातला फोन ही व्यवस्था नव्हे. मालक बँकेत गेला की दुकानाचे इंटरनेट त्याच्याबरोबर जाते. फोन आला, बॅटरी संपली, दिवसाचा डेटा संपला की काम पुन्हा थांबते. हॉटस्पॉटच्याच भरवशावर राहायचे असेल तर नीट करा. सिम घालता येणारा राउटर घ्या, मुख्य लाइन गेली की तो आपोआप सिमवर जाईल अशी मांडणी करून घ्या आणि सिम दुसऱ्या कंपनीचे ठेवा. आणि हे करताना एक मर्यादा लक्षात घ्या. मोबाइल आणि पुष्कळशा घरगुती जोडण्यांमध्ये एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. त्यामुळे दुकानातल्या कॉम्प्युटरवरची टॅली घरून थेट उघडायची किंवा शाखेचा डेटा मुख्य दुकानात आणायचा, तर बऱ्याचदा अडते. ज्याला हे हवे त्याने स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त त्याचा न बदलणारा पत्ता, मागून घ्यावा. प्रत्येक घरगुती प्लॅनवर तो मिळत नाही.

तिसरा सल्ला जरा शहाणा वाटतो: दोन कंपन्यांची दोन कनेक्शन घ्या. यावर माझा आक्षेप दोनपणाला नाही, तो आंधळेपणाला आहे. बाहेर येऊन विजेच्या खांबाकडे वर पाहा. चार कंपन्यांच्या तारा एकाच खांबावरून, एकाच वळणाने तुमच्या गच्चीवर उतरताना दिसतील. अशा दोन लाइन घेणे म्हणजे एकाच फांदीला दोन दोर बांधणे. खांबाला ट्रकने धडक दिली किंवा वीज कंपनीने खांबावरच्या तारा उतरवल्या की दोन्ही एकदम जातात. कधी दोन्ही कंपन्यांच्या तारा पुढे एकाच खंदकात असतात, तर कधी दोघींचे शहरातले काम एकच स्थानिक भागीदार पाहतो. म्हणून दुसरी लाइन घेताना पहिला प्रश्न विचारायचा तो मार्गाचा. तार कुठल्या रस्त्याने येते? पहिली मागच्या गल्लीतून खांबावरून येत असेल तर दुसरी पुढच्या रस्त्याखालून यायला हवी. ते शक्य नसेल तर दुसरी लाइन ५जीवर चालणारी, बिनतारी असावी. टॉवरलाही फायबर आणि वीज लागते हे खरे, पण तो फायबर बहुधा तुमच्या गल्लीतल्या तारेच्या मार्गाने गेलेला नसतो.

विजेचाही विचार करायला हवा, आणि हा मुद्दा प्लॅनच्या पत्रकात कधीच नसतो. फायबर थेट दुकानापर्यंत येत असेल आणि मधले विभाजक वीज न लागणारे असतील, तर भागातली वीज गेली तरी तुमचे यंत्र इन्व्हर्टरवर चालते आणि इंटरनेट सुरू राहते. पण काही ठिकाणी फायबर कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंतच येतो. तिथे विजेवर चालणारा स्विच असतो आणि पुढे तांब्याची तार गच्च्यांवरून दुकानात येते. त्या पेटीची वीज गेली की तुमचा इन्व्हर्टर कुचकामी. पावसाळ्यात विजा पडतात तेव्हा तांब्याच्या तारेतून राउटरही जळतो. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. म्हणून कनेक्शन घेण्याआधी विचारा: दुकानाच्या आत फायबर येतो की तांब्याची तार? मध्ये वीज लागणारी पेटी आहे का? असली तर तिला बॅटरी आहे का?

चौथा मुद्दा प्रतिष्ठेचा आहे: मोठी कंपनी घ्या, केबलवाल्याच्या नादी लागू नका. मला हा निवाडा घाईचा वाटतो. मोठ्या कंपनीचे जाळे मोठे असते, पण तुमच्या गल्लीत शिडी घेऊन येणारा माणूस किती अंतरावर राहतो, हे तिच्या नावावरून कळत नाही. सरकारी कंपनीचे उदाहरण घ्या. जानेवारी २०२० च्या अखेरीस बीएसएनएलचे सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकदम बाहेर पडले. तांब्याच्या जुन्या लाइनींची नस न नस ओळखणारी माणसे त्यांत होती. आज तिचे फायबर अनेक ठिकाणी स्थानिक भागीदार चालवतात. खासगी कंपन्याही शेवटच्या टप्प्याचे काम पुष्कळदा कंत्राटदारांवर सोपवतात. म्हणजे नाव कोणाचेही असो, तुटलेली तार जोडणारा बहुधा स्थानिकच असतो. त्याच्याकडे फायबर जोडायचे यंत्र स्वतःचे आहे की मागवावे लागते, किती ग्राहकांमागे किती माणसे आहेत, रविवारी कोण असते, हे विचारले पाहिजे. आणि ते विक्री प्रतिनिधीला विचारून भागणार नाही. त्याच इमारतीतल्या, त्याच रांगेतल्या तीन दुकानदारांना विचारा की मागच्या पावसाळ्यात लाइन गेली तेव्हा ती किती तासांनी आली. शेजाऱ्याच्या या उत्तराला जी किंमत आहे ती कोणत्याही जाहिरातीला नाही. याच कारणासाठी वर्षाचे पैसे आधी भरू नका. पहिले तीन महिने महिन्याला भरा आणि एक बिघाड कसा हाताळला जातो ते पाहा. वर्षाची रक्कम हातात आल्यावर तुमची तक्रार ऐकण्याची घाई कोणालाच राहत नाही.

आता सगळ्यांत जड मुद्दा: पैसे. छोट्या धंद्याला हा खर्च झेपत नाही, असे म्हणणाऱ्याला मी कमी लेखत नाही. म्हणून हिशेबच करू. समजा दुकानाची विक्री महिन्याला ६ लाख आहे आणि मालाची किंमत वजा जाता २५ टक्के, म्हणजे दीड लाख उरतात. महिन्याला २५० तास दुकान चालत असेल तर तासाला ६०० रुपये. लाइन गेल्यावर सगळी विक्री थांबत नाही, निम्मी थांबते असे धरू. तरीही आठ तासांच्या एका खंडात २,४०० रुपये जातात. दुसरी लाइन महिना ५०० रुपयांची असेल तर वर्षाला ६,००० होतात. वर्षात असे तीन खंड आले की दुसरी लाइन वसूल. मधेच सोडून गेलेले गिऱ्हाईक यात धरलेलेच नाही. आपले आकडे घालून हा हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा. ज्याच्या दुकानात इंटरनेट नसले तरी विक्री थांबत नाही, त्याने दुसरी लाइन घेऊ नये, हेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगेन. लीज्ड लाइनही बहुतेक छोट्या धंद्यांना लागत नाही. तीत ठरलेला वेग फक्त तुमच्यासाठी राखलेला असतो आणि दुरुस्तीची वेळ करारात लिहिलेली असते, पण तिचा दर कितीतरी पट असतो. दोन वेगवेगळ्या मार्गांच्या साध्या लाइन हा तिच्यापेक्षा स्वस्त आणि पुष्कळदा जास्त भरवशाचा मार्ग आहे.

धंद्याच्या प्लॅनचे जादा पैसेही कागदावर दिसतात तेवढे जादा नसतात. ब्रॉडबँडवर १८ टक्के जीएसटी लागतो. कनेक्शन फर्मच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह असेल तर नियमित योजनेतल्या व्यापाऱ्याला त्या कराचे क्रेडिट मिळते. कंपोझिशनवाल्याला ते मिळत नाही. घरच्या पत्त्यावर, मुलाच्या नावाने घेतलेल्या कनेक्शनवर ते सोडून द्यावे लागते. शिवाय घरगुती प्लॅनच्या अटींत व्यावसायिक वापराला मनाई असेल, तर भांडणाच्या वेळी पहिली चूक तुमचीच निघते.

आणि भांडणाची वेळ येते. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात स्पष्ट केले की दूरसंचार सेवेची तक्रार ग्राहक आयोगाकडे नेता येते. ग्राहकांसाठी हा मोठा निर्णय आहे. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने व्यावसायिक हेतूने सेवा घेणाऱ्याला ‘ग्राहक’ या व्याख्येतून वगळले आहे. म्हणजे कुटुंबाला जो दरवाजा सहज उघडा आहे, तिथे दुकानदाराला उंबरठ्यावरच अडवले जाऊ शकते. त्याच्या हातात उरतो तो करार. म्हणूनच मी लिखितावर अडून बसतो. किती तासांत दुरुस्ती, उशीर झाल्यास किती सूट, स्टॅटिक आयपी कितीला, डेटाची मर्यादा ओलांडल्यावर वेग किती उरेल, हे ई-मेलवर मागा. तोंडी आश्वासन देणारा प्रतिनिधी सहा महिन्यांनी दुसऱ्या कंपनीत असेल. बिघाड झाला की फोनवर बोलून थांबू नका, तक्रार क्रमांक घ्या. ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तो मिळणे हा तुमचा हक्क आहे. समाधान झाले नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा, त्याने ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो.

एकट्या दुकानदाराने यापलीकडे फार काही करावे, अशी माझी अपेक्षा नाही. पुढचे काम बाजाराचे आहे. एका दुकानदाराला कोणतीही कंपनी करारातले कलम बदलून देणार नाही, पण एका बाजारपेठेतली शंभर दुकाने एकत्र गेली तर तिला बोलावे लागेल. व्यापारी संघटनांनी प्रत्येक बाजारासाठी बिघाडांची साधी नोंदवही ठेवावी: कोणती कंपनी, कधी गेली, कधी आली. एका वर्षात शहराला अशी माहिती मिळेल जी कोणत्याही जाहिरातीत किंवा सरकारी सरासरीत नाही. कोणाची दुरुस्ती चांगली हे उघड झाले की कंपन्या वेगाऐवजी दुरुस्तीत स्पर्धा करू लागतील.

ही मागणी जबलपूरने करावी, याला एक खास कारण आहे. १९४२ पासून या शहरात दूरसंचाराचे शिक्षण देणारे केंद्र आहे. रिज रोडवरची भीमराव आंबेडकर दूरसंचार प्रशिक्षण संस्था म्हणजे तेच केंद्र. देशभरच्या अभियंत्यांच्या पिढ्या इथे शिकून गेल्या. तार कशी जोडावी, बिघाड कसा शोधावा हे ज्या शहराने देशाला शिकवले, तिथल्या दुकानदाराने तीन दिवस हताश बसून राहण्याचे कारण नाही. पुढच्या वेळी कोणी २०० एमबीपीएसचा आकडा पुढे केला तर त्याला एवढेच विचारा की लाइन गेली तर किती तासांत जोडून द्याल. उत्तर लिहून मिळाले तर पुढे बोला. लिहून द्यायची तयारी नसेल तर तो प्लॅन तुमच्या धंद्यासाठी नाही.